दारात आलेली रेल्वे

नांदवेल
९ जून २०२४

तेजस,

पाकीट फाडून टाकणारच असशील तर आधी वाच, मग फाड. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. पोस्टाच्या पाकिटाला निळ्या खुणा नसतात, त्यामुळे तू वाचलंस की नाही ते मला कळणार नाही आणि माझं डोकंही फिरणार नाही. पोस्टमन हिलाल म्हणाला, "ताई, आते पत्र कोन लिखस?" मी म्हटलं, ज्याचा भाऊ रुसलाय तो लिहितो.

आखाजीच्या सणाला तू भरल्या ताटावरून उठून गेलास. मायने तुझ्या वाटच्या पुरणपोळ्या दोन दिवस झाकून ठेवल्या, मग गायीला घातल्या. नाना बोलले ते कुठल्याही बापाने बोलू नये. "मना घरमा तेजस नावनं कोन्ही नही." सगळी गल्ली ऐकत होती. पण तूही जाताना दार असं आपटलंस की अजून त्याची कडी नीट बसत नाही.

एकदा नानांच्या जागी बसून बघ. कोरोनात आपली धुळे-जळगाव शटल बंद झाली तेव्हा सगळे म्हणाले, होईल सुरू. मग रेल्वेने कळवलं की छोटी लाईन आता चालणार नाही, मोठी टाकावी लागेल आणि अर्धा पैसा राज्याने द्यावा. राज्य म्हणालं, आधी रेल्वेने मंजूर करावी. लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडचे 'आधी तुम्ही बसा, आधी तुम्ही बसा' करतात आणि भात गार होतो, तसं चाललं. नानांनी समिती काढली, अध्यक्ष झाले, धुळे, जळगाव, मुंबई अशा एसटीने खेपा घातल्या. शेवटी राज्य म्हणालं, प्रवासी किती मिळतील ते मोजून दाखवा, मग हिस्सा देऊ. मोजायचं काम तू नोकरी करतोस त्याच पुण्याच्या कंपनीला मिळालं, तेव्हा नानांनी गावात पेढे वाटले. म्हणाले, मोजणारा घरचाच शे.

आणि तुझ्या अहवालात काय निघालं? नांदवेल आणि आजूबाजूच्या गावांत जवळपास घरोघर चारचाकी आहे, रेल्वेने जायची कोणाला गरज नाही. पेपरात छापून आलं ते. मी नानांच्या जागी असते तर मलाही तुझ्यापुढचं ताट दिसलं नसतं.

तू असं का लिहिलंस? एवढंच सांग. या गावात मी राहते तेजस. नवऱ्याचं घर सोडून बॅग घेऊन परत आले ती त्याच शटलने आले. कॉलेजच्या पोरी गेल्या चार वर्षांत कशा घरी बसल्या ते मी बघितलंय. तुला दिसलेल्या गाड्या मला कुठेच दिसत नाहीत.

ज्योत्स्नाताई

*

नांदवेल
२१ जुलै २०२४

तेजस,

तुझं उत्तर आलं. चार ओळींचं का होईना, आलं. मायला वाचून दाखवलं, तुझ्या तब्येतीची दोन वाक्यं मी पदरची घातली. तू बरा आहेस आणि जेवण वेळेवर करतोस, असं तू लिहिलं आहेस, लक्षात ठेव.

तू म्हणतोस, तू काहीच बनवलेलं नाहीस. डिसेंबर २०२२ मध्ये पोरं घरोघर गेली आणि लोकांनी जे सांगितलं तेच तू पुढे मांडलंस. आधी मला खरं वाटलं नाही. नांदवेलमध्ये अडीच चारचाकी आहेत. एक सरपंच दिपमालाबाईंची, एक खताच्या दुकानवाल्याची आणि अर्धी तोतारामभाऊंची जीप, जिचं इंजिन भंगारात जाऊन आता जमाना झाला.

पण तू खोटं लिहिणाऱ्यातला नाहीस हेही मला माहीत आहे. म्हणून अंगणवाडीची वजनं घ्यायला घरोघर जाते तेव्हा विचारायला लागले. पहिल्याच दिवशी तोतारामभाऊंच्या बेबाबाईंनी उलगडा केला. जसं बोलल्या तसं लिहिते.

"त्या पोऱ्या? अवं बाई, त्या त सोयरीकना चौकशीले येल व्हतात!"

"कोणी सांगितलं?"

"सांगाले कसाले पाहिजे? दोन पोऱ्या, इस्तरीना शर्ट, हातमा मोबाईल. इचारेत, घरमा मानसं किती, जमीन किती, कमाई किती, गाडी शे का, जळगावले कसा जातस. आते असं दुसरं कोन इचारस, तूच सांग."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगं, चारचाकी शे. आम्हना नवलनं लगन करनं व्हतं ना."

तेजस, मी तिथे वजनकाटा हातात धरून उभी राहिले आणि हसू की रडू ते कळेना. मार्गशीर्ष महिना, स्थळं बघायचे दिवस, गावात तिशी उलटलेले पोरगे गल्लोगल्ली. मुलीकडचे स्वतः येण्याआधी गुपचूप कोणाला तरी पाठवून चौकशी करतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी स्वतः सर्व्हे करते, मला लोक कळतात. रेशनचा माणूस आला की टीव्ही गोधडीखाली जातो. मुलीकडचा आला की शेजारच्याचा ट्रॅक्टर आपल्या दारात येतो. तुझी पोरं मार्गशीर्षात गावात शिरली आणि सगळं गाव श्रीमंत झालं.

मी बेबाबाईंना विचारलं, नवलचं जमलं का मग? म्हणाल्या, "कोठे जमनं!"

शेजारच्या दोन गावांतही विचारून आले. तीच गोष्ट. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आपल्या तीन गावांची झाकली मूठ एक रेल्वे घेऊन गेली.

ज्योत्स्नाताई

*

नांदवेल
४ ऑगस्ट २०२४

तेजस,

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न टाळता आला तर टाळणार होते. आपल्या घरात त्या पोरांना उत्तर कोणी दिलं?

मला माहीत नव्हतं, मी तेव्हा धुळ्याला ट्रेनिंगला होते. मायला विचारलं तर ती भाकरी थापत राहिली. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "तुना बाप हार लिसन ठेसनवर रेल्वेनी वाट देखे. रेल्वे त आगोदरच आपला दारमा ई गयी, चहा बी पी गयी."

तुला तो पेपरातला फोटो आठवतो? नाना आणि समितीचे लोक नांदवेल हॉल्टवर हार, नारळ घेऊन उभे आहेत तो. पेपरात आलं होतं की सोमवारपासून सर्वेक्षण. सोमवारी ही सगळी मंडळी संध्याकाळपर्यंत हॉल्टवर थांबली, बिस्किटांचे पुडे मुंग्यांनी खाल्ले, कोणी आलं नाही. पोरं शनिवारीच गावातून काम उरकून पुढे गेली होती. शनिवारी नाना ओसरीवर होते. आपल्या कुंदनच्या लग्नासाठी कासारे गावाकडून विचारणा व्हायची होती आणि सकाळीच तोतारामभाऊंची जीप चौघांनी ढकलत आपल्या दारात आणून ताडपत्री टाकून ठेवली होती.

मी नानांना सरळ विचारलं. आधी म्हणाले, कोणत्या पोऱ्या? मग म्हणाले, "मी वळखं नही त्यासले. रेल्वेना मानसे रूळवर येतस, मापाले. वसरीवर बशीसन जमीन इचारतस का?"

खरंच रे, त्यांच्या डोळ्यांपुढे दुर्बीण होती, साखळी होती, लाल-पांढरे पट्टे मारलेल्या काठ्या होत्या. मोजणी म्हणजे जमिनीची, असंच त्यांना वाटणार. माणसं मोजून रेल्वे ठरते हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. तूही नाही सांगितलंस. मी तुला टोचत नाही, पण नाही सांगितलंस.

मी म्हटलं, मग तेजसची चूक काय? ते उठून गोठ्यात गेले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यांची पाठ बघून तो टिकलाही नाही. तुझी माफी ते मागणार नाहीत. आपल्या घरात ती पद्धत नाही, माझी कोणी कधी माफी मागितली असती तर मी तुला निम्मी पाठवली असती.

ज्योत्स्नाताई

*

नांदवेल
२० ऑक्टोबर २०२४

तेजस,

तू एवढी धडपड करशील असं वाटलं नव्हतं. तुझं पत्र समितीत वाचलं. कोणी लिहिलंय ते मी सांगितलं नाही, पण नानांनी अक्षर ओळखलं.

मला समजलं ते असं. नियोजन खात्याला तुझ्या साहेबांनी कळवलं की आधीच्या उत्तरांत गडबड असू शकते. खातं फेरसर्वेक्षणाला तयार आहे, पण मार्गावरच्या ग्रामसभांनी ठराव करून द्यायचा की आम्ही गाड्यांविषयी दिलेली माहिती खरी नव्हती, आणि खाली घरटी एक सही. मार्चअखेरच्या आत नवे आकडे गेले तर राज्याच्या हिश्श्याचा विचार होईल. नाही गेले तर त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा दुसऱ्या कुठल्या मार्गाला जाईल आणि आपला रूळ भंगारात निघेल. बरोबर ना?

ऐकायला सोपं आहे. पण सही म्हणजे काय ते तुला पुण्यात बसून दिसणार नाही. गावातल्या प्रत्येक घराने चावडीवर उभं राहून सांगायचं की आमच्याकडे गाडी नाही, आम्ही खोटं बोललो. आणि तो ठराव कासाऱ्यापासून पारोळ्यापर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरणार.

आता घरची बातमी. कुंदनचं जमलंय. मुलगी रूपाली, कासाऱ्याची, जळगावच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आईवडील नाहीत, गिरधरमामांनी वाढवलं. साखरपुडा दिवाळीनंतर. कुंदन पस्तिशीचा झाला तेजस. तीन वर्षं स्थळं येतात, चहा पितात, कापसाचा भाव विचारतात आणि परत येत नाहीत. या वेळी परत आले. तो बिचारा पहाटे उठून शेतात गाणी म्हणतो, आवाज तुला माहीतच आहे, बगळे उडून जातात. त्याच्या परिचयपत्रात नानांनी लिहिलंय: चारचाकी आहे. बघायला आले तेव्हा जीप पुन्हा ढकलत आणली होती.

ठरावाला हात वर केला तर कुंदनचं मोडेल. नाही केला तर शटल कायमची जाईल. बाकीची गावं नांदवेलकडे बघतायत आणि नांदवेल नानांकडे. अध्यक्षाने सही केली तर सगळे करतील, असं तोतारामभाऊ मला स्वतः म्हणाले.

काल नाना म्हणाले, "मी हात वर करसू. पोऱ्यानं नशीब पोऱ्याजोगे." कुंदन ऐकत होता. तो फक्त एवढंच म्हणाला, "करा नाना." मग उठून बाहेर गेला आणि जेवायला आला नाही.

ज्योत्स्नाताई

*

नांदवेल
१५ डिसेंबर २०२४

तेजस,

ठराव झाला नाही.

तुला फोनवर कोणीतरी सांगितलंच असेल, पण माझ्याकडून ऐक. ग्रामसभा काल झाली. सकाळी नानांनी पांढरी टोपी मायकडून धुऊन घेतली होती. निघताना देवापुढे उभे राहिले. मला वाटलं होतं, आज हा माणूस करणार.

आणि दहाच्या एसटीतून गिरधरमामा उतरले. लग्नाची तारीख काढायला आले होते. माय म्हणाली, तुम्ही बसा, हे येतीलच सभेतून. तर ते म्हणाले, घरात बसून काय करू, चला, मीही ऐकतो. नाही कसं म्हणणार? व्याही माणूस. नानांनी त्यांना चावडीत आपल्या शेजारी खुर्ची दिली.

ग्रामसेवकाने ठराव वाचला. दिपमालाबाई म्हणाल्या, मान्य असेल त्यांनी हात वर करा. चावडीत माणूस मावत नव्हता आणि कोणाची खुर्चीसुद्धा कुरकुरली नाही. सगळ्यांच्या माना नानांकडे. कुंदन मागे दाराशी उभा होता, चपलेकडे बघत.

नाना उठले. उजवा हात खुर्चीवरून उचललाही होता. गिरधरमामा त्यांच्याकडे अगदी शांतपणे बघत होते. मग नानांनी तो हात टोपीला लावला, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मी त्यासले जे सांगं ते खरंच शे. मना घर गाडी शे."

आणि बसले.

मग काय, तोतारामभाऊ म्हणाले आमच्याकडे पण आहे. नवल म्हणाला आमच्याकडे पण आहे. एकेक करून सगळ्या गावाने गाड्या विकत घेतल्या. दिपमालाबाईंनी ठराव नामंजूर असं लिहायला सांगितलं. बाहेर पडताना कोणी कोणाकडे तंबाखूसुद्धा मागितली नाही. बाकीची गावं आता सभाच घेणार नाहीत.

नाना घरी येऊन गिरधरमामांबरोबर जेवले, हसले, तारीख काढली. फेब्रुवारीत लग्न आहे. तुला पत्रिका येईल की नाही मला माहीत नाही. मी नानांना विचारलं तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मला त्यांच्यावर चिडायचं आहे आणि चिडता येत नाही. दोन्ही हातांत दोन पोरं असताना माणूस तिसरा हात कुठून वर करेल?

ज्योत्स्नाताई

*

नांदवेल
२ मार्च २०२५

तेजस,

तू एकच ओळ लिहिलीस: 'तुझा हात वर गेला होता का?'

नाही गेला.

लग्न झालं. तू आला नाहीस. पत्रिका मी पाठवली होती, नानांनी नाही, ते तू ओळखलं असशील. वरातीला धुळ्याहून भाड्याची पांढरी गाडी आणली, तिच्यावर झेंडूचा हार. कुंदन इतका घाबरला होता की अंतरपाट खाली आला तरी डोळे मिटूनच उभा. मायने आहेराच्या साड्यांत एक धोतरजोडी जास्त आणली होती, ती कोणासाठी हे कोणी विचारलं नाही. ती पेटीत आहे.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. परवा गच्चीवर वाळवणाचे पापड-बिबडे घालत होतो, मी, माय आणि रूपाली. पोरगी कामाची आहे, बोलते कमी. माय खाली गेल्यावर तिने मला विचारलं, "ताई, शटल केव्हा सुरू होणार?"

मी म्हटलं, का गं?

म्हणाली, "दवाखान्यातून सारखे फोन येतायत. इथून जळगावला एसटीच्या दोन गाड्या बदलाव्या लागतात, आणि ड्यूटी संपते तोवर शेवटची निघून जाते. रजा संपली की राजीनामा द्यावा लागेल. शटल झाली तर देत नाही."

मी काहीतरी पुटपुटले. ती बिबडा थापत पुढे सांगत राहिली, साधंच, जसं आपण भाजीचं सांगतो. "मला अजून दोन स्थळं आली होती ताई. त्यांच्या दारात खरोखरच्या गाड्या होत्या. पण ते म्हणाले, लग्नानंतर नोकरी नको. मी पेपरात नानांचा फोटो बघितला होता, हार घेऊन हॉल्टवर उभे असलेला. मामांना म्हटलं, जो माणूस रेल्वेसाठी एवढा झगडतो त्याच्या घरात मला नोकरी सोडावी लागणार नाही. म्हणून मी हो म्हटलं."

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. मी विचारलं, खरोखरच्या गाड्या म्हणजे?

तिला हसू आवरेना. "ताई, तुमच्या जीपखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. मामा बघायला आले त्याच दिवशी त्यांनी ओळखलं. म्हणाले, बोलले खोटं, पण माणसं पोरीला उपाशी ठेवणारी नाहीत."

तेजस, त्या माणसाला ठाऊक होतं. चावडीत नानांच्या शेजारी खुर्चीवर बसून तो शांतपणे बघत होता तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. नानांनी ज्याच्यापासून लपवलं त्याच्यापासून लपलेलं काहीच नव्हतं, आणि जिच्यासाठी लपवलं तिला हवी होती ती शटल.

मी नानांना सांगितलं नाही. सांगणारही नाही. मार्च संपायला अजून दिवस आहेत, काही होण्यासारखं असेल तर कळव. मला माहीत आहे तू काय कळवशील.

ज्योत्स्नाताई

*

नांदवेल
३० एप्रिल २०२५, आखाजी

तेजस,

आज वर्ष झालं तुला उठून गेल्याला. निंबाला झोका बांधलाय, पण झुलायला पोरी कमी आल्या. माहेरी यायला गाडी धड मिळत नाही, असं सगळ्या सांगतात.

तू लिहिलंस तसंच झालं. पैसा दुसऱ्या मार्गाला गेला. गेल्या आठवड्यात हॉल्टजवळ दोन ट्रक आले आणि ठेकेदाराची माणसं गॅसने रूळ कापायला लागली. रूपालीने पंधरा दिवसांपूर्वी राजीनामा पाठवला. कुंदनला वाटतं ती नाराज नाही. तो तिला दर रविवारी मोटारसायकलवर बसवून पारोळ्याला घेऊन जातो, भेळ खायला घालतो. ती भेळ खाते.

तिची पहिली आखाजी, म्हणून काल गिरधरमामा मुराळी म्हणून आले तिला न्यायला. नाना त्यांना फाट्यापर्यंत सोडायला निघाले, रूपालीची पिशवी नानांच्याच हातात. फाट्याची वाट हॉल्टवरूनच जाते. पुढचं मला रूपालीने फोनवर सांगितलं.

रूळ कापणं चालू होतं. मामा थांबले, बघत राहिले. म्हणाले, "नाना, एक हात वर कराले काय व्हतं? तुमना घर गाडी नही शे, हाई त माले पहिलाच दिन समजनं व्हतं. मी त त्या दिन वाट देखू, की नाना आते हात वर करतीन."

एसटी आली, नानांनी पिशवी वर दिली. रूपाली खिडकीत बसली तेव्हा ते अजून पिशवी धरल्यासारखा हात करून उभे होते, असं ती म्हणाली आणि रडायला लागली.

ते घरी आले संध्याकाळी. वाटेत कुठे होते विचारलं नाही. आज सकाळी पितरांना घास टाकला, घागर पुजली, ताटावर बसले आणि एक घास न खाता मला हाक मारली. "ज्योत्स्ना, तेजसले लिख. मोजाले ये म्हना. आते खरं सांगसू."

मी म्हटलं, नाना, तारीख गेली. आता कोणी मोजणार नाही. रूळच राहिले नाहीत.

म्हणाले, "माले ठावं शे. तरी लिख. त्या पोऱ्यास्नी काय काय इचारं व्हतं, तू एकेक इचार. मी सांगस."

वरातीमागून घोडं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्यांचा चेहरा बघून गिळलं. वही आणली आणि तुझ्या त्या पोरांसारखी ओसरीवर समोर बसले. माय दारात येऊन उभी राहिली, कुंदनही आला. मी विचारत गेले, ते सांगत गेले. त्यांनी सांगितलं तसं खाली लिहिते, तुझ्या काही उपयोगाचं नसलं तरी.

चारचाकी आहे का? नाही. पहिले पण नव्हती.

जळगावला कसे जाता? एसटीने, मिळाली तर. सूनबाई जात होती, आता जात नाही.

रेल्वे सुरू झाली तर जाल का? हो.

किती जण जातील? सगळे.

घरात माणसं किती? सहा.

मी म्हटलं, नाना, पाच. तुम्ही, माय, मी, कुंदन, रूपाली.

म्हणाले, "सहा लिख. तेजसले धरीसन."

ज्योत्स्नाताई